बारा शाळा, सहा खोल्या : क्विझच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, आता कामाला लागायचं. कराडला रविवार १९ जानेवारी ही तारीख पक्की केलीय. एका हायस्कूलने इमारत द्यायची कबूल केलंय, सहा वर्ग, एक हॉल आणि पाण्याची सोय. आठवी-नववीची पोरं, चौघांची एक टीम, बारा शाळा. पाटण, कोयनानगर, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर आणि कराडातल्या काही.

फॉरमॅट आधी ठरवून टाकतो कारण बाकी सगळं त्यावर बसतं. आपल्याकडे शाळांच्या क्विझला काय होतं, सकाळी सगळ्यांना एक लेखी पेपर देतात, त्यातून सहा टीम स्टेजवर आणि उरलेली शंभरेक पोरं दिवसभर खाली बसून टाळ्या वाजवणार. खेड्यातून पहाटेची एसटी पकडून आलेली पोरं वीस प्रश्नांचा कागद भरतात आणि अकरा वाजता त्यांचा दिवस संपतो. हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं. मी स्वतः टीव्हीवरचा शो जिंकलो तो अशा कागदामुळे नाही, कॉलेजात वर्षानुवर्षं दर आठवड्याला बझरवर बसायला मिळालं म्हणून जिंकलो. बसायला मिळणं हीच खरी गोष्ट आहे.

त्यामुळे अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत चालतं ते क्विझबोल आणायचंय. तिकडे १९५३ साली रेडिओवर कॉलेज बोल सुरू झालं त्यातून ही पद्धत आली, ब्रिटनचं युनिव्हर्सिटी चॅलेंज (१९६२ पासून) त्याच झाडाची फांदी, आणि सिद्धार्थ बासूंनी त्याची भारतीय आवृत्ती बीबीसी वर्ल्डवर केली होती. दोन टीम समोरासमोर. बझर प्रश्न कोणीही एकट्याने घ्यायचा, बरोबर आला की त्या टीमला तीन भागांचा बोनस, त्यात आपसांत बोलायला परवानगी. बझरला १०, बोनसच्या प्रत्येक भागाला १०, आणि बझर प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्यात दाबून बरोबर सांगितलं तर १५. एका मॅचला २० बझर प्रश्न.

चुकीच्या उत्तराला तिकडे उणे ५ असतात. ते पहिल्या वर्षी काढून टाकतोय. आधीच आपली पोरं चुकायला घाबरतात, वर्गात चुकलं की हसतात ना बाकीची. हात बटणावर जाऊ दे आधी.

सकाळी चार-चारच्या तीन गटांत प्रत्येकी तीन मॅच, दुपारी निकालावरून नवे गट, परत तीन मॅच. म्हणजे सगळ्यात खालच्या टीमलाही सहा मॅच मिळणारच, कोणी बाद नाही. शेवटी फायनल.

१२ नोव्हेंबर

शाळांच्या फेऱ्या चालू आहेत. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे अर्धे शिक्षक इलेक्शन ड्युटीच्या ट्रेनिंगला, मुख्याध्यापक भेटले तर क्लार्क नाही आणि क्लार्क भेटला तर शिक्का कपाटात. २३ चा निकाल लागेपर्यंत लेखी होकार कोणाकडून मागायचा नाही असं ठरवलं, तोंडी घेऊन ठेवतोय.

टीव्हीवर जिंकल्याचा इथे उपयोग होतो, खोटं कशाला बोलू, दार पटकन उघडतं आणि चहा येतो. मग विषय केबीसीवर जातो. २००० साली हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला ते सगळ्यांना आठवतं, आणि २०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, एक कोटी जिंकल्या ते तर प्रत्येक स्टाफरूममध्ये निघतंच. निघायलाच पाहिजे. पण मी दरवेळी सांगतो की आपण करतोय ते वेगळं आहे. तिथे एक माणूस, एक खुर्ची, चार पर्याय. इथे चार पोरं, पर्याय नाहीत, आणि शेजारच्याला येतं ते मला येत नाही हे अर्ध्या तासात कळतं, मला येतं ते त्याला येत नाही हे पण कळतं.

एका सरांनी विचारलं, पोरांना तयारी कशातून करून घेऊ, कुठलं गाइड? एमपीएससीच्या एका ओळीवाल्या पुस्तकांचा गठ्ठाच होता टेबलावर. पहिली महिला अमुक, सर्वात लांब तमुक. मी म्हटलं सर, गाइड नको. आठवी-नववीची पुस्तकं, लायब्ररीची चावी, आणि रोज वीस मिनिटं पेपर. त्यांना पटलं की नाही कळलं नाही पण चावीचं काम ते करतील असं वाटतं.

एक अट घातलीय, चौघांत किमान दोन मुली आणि किमान एक जण आठवीतला. कारण नाहीतर नववीतले पहिले चार नंबर उचलून पाठवतात आणि विषय संपतो.

२४ नोव्हेंबर

प्रश्न लिहायला घेतले. हिशोब असा, सहा फेऱ्या, एक फायनल, एक राखीव, म्हणजे आठ संच. एका फेरीला सहाही खोल्यांत तोच संच वाचायचा. आठ संच म्हणजे १६० बझर प्रश्न आणि बोनसचे ४८० भाग. एकट्याचं काम नाही. भूगोलाच्या मॅडम, एक निवृत्त गणिताचे सर, कॉलेजातली माझी जुनी टीममेट (ती आता बंगळुरात असते, रात्री दहानंतर ऑनलाइन येते) आणि मी.

संचातली वाटणी, विज्ञान ४, गणित १, इतिहास ४, साहित्य ४, भूगोल ३, कला-संगीत २, नागरिकशास्त्र-अर्थशास्त्र मिळून १, खेळ १. साहित्याला चार का यावरून थोडी चर्चा झाली. मी अडून बसलो. आपल्या क्विझांत साहित्य म्हणजे चार ज्ञानपीठवाल्यांची नावं, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे, पाठ झाली की संपलं. त्यांनी काय लिहिलं, कुठे राहिले, काय केलं, हे कोणी विचारतच नाही. खांडेकर शिरोड्याला गावच्या शाळेत मास्तर होते, १९३० साली त्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. इथून प्रश्न सुरू झाला की ज्याने खरंच काही वाचलंय त्याचा हात आधी जातो, आणि ज्याने फक्त यादी पाठ केलीय तो शेवटच्या ओळीपर्यंत थांबतो. दोघांनाही उत्तर येतं, पण आधी कोणाला यावं हा सगळा मुद्दा आहे.

बझर प्रश्न म्हणजे अवघडाकडून सोप्याकडे उतरत येणारा जिना. साध्या एका ओळीच्या प्रश्नात सगळ्यांना एकाच क्षणी उत्तर कळतं, मग जिंकतो तो ज्याचं बोट चपळ. ते ज्ञान नाही. आज लिहिलेला एक इथे ठेवतो, मला स्वतःला आवडलाय :

"हे गणितज्ञ ओळखा. जुन्या जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनाच्या नावावरून त्यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगाला ते माहीत झाले. (इथपर्यंत पंधरा गुण.) ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५, अशा संख्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की येणारा ६१७४ हा स्थिरांकही त्यांच्याच नावाचा. दहा गुणांसाठी, नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे गणितज्ञ कोण?"

द. रा. कापरेकर. डहाणूला जन्म, फर्ग्युसनला शिकले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही, आणि आज जगभर गणिताची आवड असलेली माणसं ६१७४ करून बघतात. शिवाय आपली स्पर्धा होणार ती २०२५ सालात, म्हणजे सालच कापरेकर संख्येचा वर्ग आहे! गणिताचे सर हे ऐकून एवढे खूश झाले की लगेच कागद घेऊन बसले. ३५२४ घेतला. ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतोच. हे पोरांना मॅचनंतर फळ्यावर करून दाखवायचं असं ठरलं. संच संपला की रीडरने, म्हणजे प्रश्न वाचणाऱ्याने, एखादी गोष्ट समजावून सांगितली तर उत्तर डोक्यात राहतं.

३० नोव्हेंबर

एडिटिंग. लिहिण्यापेक्षा जास्त वेळ यालाच जातो आणि जायलाच पाहिजे.

मराठीत असा प्रश्न लिहिताना दोन अडचणी येतात ज्या इंग्रजी संच बघून कळत नाहीत. एक, आपल्याकडे क्रियापद शेवटी, त्यामुळे विचारतोय काय हेच शेवटपर्यंत कळत नाही, पोरगं नदी सांगतं आणि आपल्याला धरण हवं असतं. म्हणून नियम केला की पहिलंच वाक्य "ही नदी ओळखा", "हे शास्त्रज्ञ ओळखा", बाकी नंतर. दुसरी, लिंग. "ती म्हणाली" लिहिलं की निम्मी नावं तिथेच गळतात, मग अवघड दुवा (क्लू) पहिला ठेवून उपयोग काय. शक्य तिथे "त्यांनी", "यांना", "या व्यक्तीने". सगळ्या संचांत शोधून शोधून बदलतोय.

उत्तराच्या ओळीवर सगळ्यात जास्त भांडण होतं स्पर्धेत, म्हणून ती लांबलचक लिहायची. निम्म्या शाळा सेमी-इंग्लिश आहेत, विज्ञान-गणित इंग्रजीत आणि बाकी मराठीत, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस दोन्ही चालेल असं छापूनच द्यायचं, रीडरच्या मर्जीवर सोडायचं नाही. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, दोन्ही चालतील. नुसतं "फुले" म्हटलं तर "अजून नेमकं सांग" म्हणायचं, जोतीराव की सावित्रीबाई. परदेशी नावांचे उच्चार कंसात. ऑयलर हे नाव कोणी युलर वाचलं तर ज्या पोराला येतंय त्याचंच नुकसान.

भूगोलाच्या मॅडमनी कोयनेवर लिहिलाय. मुख्य प्रवाह महाबळेश्वरातून निघून बराच काळ उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो आणि हेळवाकला पूर्वेकडे वळतो, धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला जाऊन वीज झाल्यावर वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात, १३ मार्च १९९९ चं लेक टॅपिंग (जलाशयाच्या तळाला खालून बोगदा जोडून पाणी घेणं), मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, आणि शेवटी कराडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. फार सुंदर बांधलाय. शंका निघाली की कोयनानगरच्या टीमला हा फुकटचा. मी म्हटलं असू दे. स्वतःच्या दारातली नदी कुठे जाते ते माहीत असणं हे पण ज्ञानच आहे, आणि प्रत्येक टीमला आपल्या दारातलं काहीतरी मिळावं असं बघू. मसूरवाल्यांसाठी रामदासांवर एक आहेच, रामदासांचं चाफळ तर पाटण तालुक्यातच.

८ डिसेंबर

बझर. सहा संच, प्रत्येकी आठ बटणं. तयार घ्यायला गेलो तर बजेटच्या बाहेर, म्हणून आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन पोरांना दिलं. शोच्या बक्षिसातले थोडे पैसे मी अशाच कामासाठी बाजूला ठेवलेत, ते इथे वापरले. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), गेमिंग पार्लरमधली असतात तशी मोठी रंगीत बटणं, आठ एलईडी, एक बीपर, रीसेटचं एक बटण. नॅनोच्या पिना एवढ्याला पुरतात. काम एकच, जो आधी दाबेल त्याचा दिवा लागायचा आणि बाकी सात बंद पडायचे.

टेबलावर मस्त चाललं. मग चार-चार मीटरच्या वायरी लावल्या आणि कोणी न दाबताच दिवे लागायला लागले, शेजारी पंखा चालू केला की हमखास. लांब वायर आजूबाजूचा सगळा विजेचा गोंगाट (नॉइज) उचलते. इनपुट स्थिर धरणाऱ्या नॅनोच्या आतल्या पुलअप रेझिस्टरवर न थांबता बाहेरून एक किलोओहमचे रेझिस्टर लावले, प्रत्येक इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, शांत झालं.

दुसरं म्हणजे लाइट गेली तर काय म्हणून पॉवर बँकेवर चालवायचं ठरलेलं, ती अर्ध्या मिनिटात बंद पडते. करंट एवढा कमी लागतो की बँकेला वाटतं फोन काढून घेतला. त्या पोरांनीच उपाय काढला, एक जादाचा रेझिस्टर सतत थोडा करंट खात राहील असा जोडला. वीज वाया जाते पण बँक जागी राहते. ही दोन पोरं स्पर्धेच्या दिवशी दुरुस्तीला थांबणार आहेत. त्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत माझ्या वर छापायची, हे इथे लिहून ठेवतो म्हणजे राहणार नाही.

१३ डिसेंबर

काल सिंगापूरला गुकेश बुद्धिबळात जगज्जेता झाला! चौदावा डाव, डिंग लिरेनचा हत्ती चुकला आणि अठराव्या वर्षी, कास्पारोव्हचा बाविसाव्या वर्षीचा विक्रम मोडून. खेळाच्या एका प्रश्नात विश्वनाथन आनंद यांच्याबद्दल "भारताचा एकमेव" होतं, ते आज सकाळी काढलं. असे काळावर अवलंबून असणारे सगळे शब्द, सध्याचे, आतापर्यंत, एकमेव, आठही संचांत पिवळे करून ठेवलेत. स्पर्धेच्या आदल्या रात्री परत एकदा तपासायचे.

२७ डिसेंबर

काल रात्री मनमोहन सिंग गेले. तिसऱ्या संचात त्यांच्यावर बझर प्रश्न आहे. टीममेटचा रात्रीच मेसेज आला, काढायचा का? मला वाटलं उलट ठेवायला हवा. पुढचे आठ दिवस पेपरात तेच येणार, त्यामुळे १९९१ चा अर्थसंकल्प आणि २००४ ते २०१४ पंतप्रधान हे सगळ्यांनाच येईल, म्हणून आधीचे दुवे बदलायला लागतील एवढंच.

पहिला दुवा होता की यांची सही एक रुपयाच्या नोटेवर पण आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर पण. ही फार छान गोष्ट आहे, कारण एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक नाही तर केंद्र सरकार काढतं, त्यावर अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते, आणि हे आधी अर्थसचिव मग १९८२ ते ८५ गव्हर्नर. पण बंगळूरहून आक्षेप आला आणि तो बरोबर आहे, आय. जी. पटेल आणि व्यंकटरमणन यांच्याही सह्या दोन्हीकडे आहेत. म्हणजे तिथे कोणी पटेल म्हणून बझर दाबला तर आपण त्याला चूक म्हणणार आणि तो खरं तर बरोबर. दुवा अवघड असला तरी चालेल पण त्या क्षणी उत्तर एकच असलं पाहिजे, यावर मी कधीच तडजोड करणार नाही. आधी जन्म गाह या आता पाकिस्तानात असलेल्या गावचा असं घेतलं आणि सहीचं त्याच्या मागे. आता बसतंय.

असं एकेक वाक्य तपासायला रात्रीचे बारा वाजतात पण पोरांच्या समोर जाणारी ओळ आहे ती. कोणी तरी ती ऐकून आयुष्यभर लक्षात ठेवणार.

५ जानेवारी २०२५

रीडर आणि स्कोअररचं ट्रेनिंग, सहा जोड्या. बहुतेक डी.एड.ची आणि कॉलेजची पोरं-पोरी, दोन शिक्षिका.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे बझर वाजताच तिथल्या तिथे थांबणं, शब्द अर्धा असला तरी अर्धाच. आपल्याला वाक्य पूर्ण करायची सवय असते, आणि पूर्ण केलेला अर्धा शब्द म्हणजे दिलेलं उत्तर. मग चेहरा. पोरगं उत्तर चाचपडत असताना मान हलवायची नाही, हसायचं नाही, "हं... अजून" तर अजिबात नाही. शिक्षकांना हे फार जड जातं कारण त्यांचं काम मदत करणं हेच असतं. एका मॅडमना तर पोरगं बरोबर बोलायला लागलं की भुवया आपोआप वर जायच्या, मग त्यांनी स्वतःच सांगितलं की मी कागदाकडेच बघत राहीन.

वेग. पहिल्या प्रॅक्टिसला सगळ्यांनी बातम्यांसारखं भरभर वाचलं. सावकाश नको पण सरळ, प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत. आणि कुठल्याही शब्दावर जोर द्यायचा नाही.

स्कोअरशीटवर बोनसचे गुण वेगळ्या रकान्यात लिहायला सांगितलेत. कारण दुपारच्या वरच्या गटात तीन गटविजेते आणि एक सगळ्यात चांगला दुसरा जाणार, तो ठरवायचा कसा? एकूण गुण बघितले तर ज्याच्या गटात दुबळी टीम होती त्याचा फायदा. बोनस मात्र समोरची टीम कोण यावर अवलंबून नसतो, बझर घेतल्यावर तुम्ही एकटेच उत्तर देता. शिवाय सगळ्या खोल्यांत संच तोच. म्हणून मिळालेल्या बोनसांची सरासरी हा सगळ्यात न्याय्य काटा, आणि शिक्षकांना आधीच समजावून सांगितला म्हणजे दुपारी वाद नको.

१४ जानेवारी

संक्रांत. प्रवासाचं बघतोय. पाटणवाल्यांची पहिली एसटी, ढेबेवाडीची पण वेळेत पोचते, कोयनानगरवाल्यांना जीप करून दिली. ऊसाचे ट्रॅक्टर रस्त्याला आहेत, दोन-दोन ट्रॉल्या, त्यामुळे सगळ्यांना अर्धा तास आधी निघायला सांगितलं. प्रत्येक टीमबरोबर एक शिक्षिका असणार, पालकांची संमतीपत्रं आली, एका मुलीच्या घरून नाही येत होतं तर तिच्या वर्गशिक्षिका घरी जाऊन आल्या. जेवण साधं, पुलाव, मटकीची उसळ आणि तिळगूळ.

१९ जानेवारी, रात्री

झालं. पाय दुखतायत पण लिहूनच झोपतो.

दहाला सुरू व्हायचं ते थोडं उशिरा झालं, ट्रॉली. पहिल्या फेरीत सगळ्या खोल्यांत तीच शांतता, पोरं बटणावर हात ठेवून बसलेली आणि प्रश्न पूर्ण संपेपर्यंत कोणी दाबत नाही. मी व्हरांड्यातून फिरत होतो आणि काळजात धडधड, वाटलं सगळं फार अवघड झालं का. दुसऱ्या फेरीत कोणीतरी अर्ध्यात दाबलं, चुकलं, आणि काहीच झालं नाही, कोणी हसलं नाही, गुण गेले नाहीत, पुढचा प्रश्न. त्यानंतर जे सुटलेत! तिसऱ्या फेरीत बीपरचा आवाज दोन खोल्या पलीकडे येत होता.

कोयनेचा प्रश्न चौथ्या फेरीत आला. मी मुद्दाम कोयनानगरच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. "उत्तरेकडून दक्षिणेकडे" एवढंच झालं आणि समोरच्या, म्हणजे कराडच्या टीममधल्या मुलीने दाबलं. कोयना. पंधरा गुण. कोयनानगरची चौघं तिच्याकडे बघतच राहिली. नंतर विचारलं तर म्हणाली, बाबा धरणावर नोकरीला होते, पाचवीपर्यंत मी तिथेच होते, हेळवाकला माझी मामी राहते. मग त्या पाचही जणी-जणांची जेवणाच्या जागेमागच्या कट्ट्यावर अशी गट्टी जमली की पुढच्या मॅचला शोधून आणावं लागलं.

कापरेकरांचा सहा खोल्यांपैकी एकाच ठिकाणी पंधरात गेला. उंब्रजचा आठवीतला मुलगा, हर्षद शब्दावर. त्याला सरांनी सांगितलेलं नव्हतं, लायब्ररीत एक जुनं गणित-गमतीचं पुस्तक होतं म्हणे, कव्हर गेलेलं. बाकी खोल्यांत ६१७४ वर. गणिताचे सर दुपारभर फळ्यावर वजाबाक्या करत होते आणि भोवती गर्दी, शिक्षकसुद्धा.

वरच्या गटातली चौथी जागा बोनसच्या सरासरीवर गेली, थोडक्यात. हुकलेल्या टीमच्या सरांनी स्वतः आकडेमोड तपासली, मान हलवली, हात मिळवला. दुपारी त्यांची टीम मधल्या गटात तिन्ही मॅच जिंकली.

फायनल उंब्रज आणि पाटण. शेवटच्या बझरपर्यंत गेली. शेवटचा प्रश्न संगीताचा, किराणा घराणं, अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले इथपर्यंत येताच पाटणच्या मुलीने घेतला. ती भजनी मंडळात पेटी वाजवते. साहित्य-संगीत कशाला एवढं असं जे विचारत होते त्यांच्यासाठी हे उत्तर मी कायम देणार आता.

ट्रॉफी सगळ्या बारा टीमना आकाराने एकच, फक्त पट्टी वेगळी. प्रत्येकाला पुस्तक, स्वतः निवडून घ्यायचं.

आणि जाताना जीपमध्ये सगळी पोरं एका फोनवर वाकलेली, दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप, फायनल आजच, मुली पण जिंकल्या आणि मुलगे पण, दोन्हीकडे नेपाळ समोर, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आत्ताच फोन आला की सगळे पोचले घरी.

२२ जानेवारी

स्कोअरशीटा लावून बसलो. प्रत्येक प्रश्न किती खोल्यांत कुठल्या ओळीवर गेला हे आता दिसतं, आणि यातून पुढच्या वर्षीचं काम ठरतं.

विज्ञान आणि इतिहास छान उतरले. जागतिक साहित्य जवळजवळ सगळ्या खोल्यांत कोणी न घेता गेलं, टॉल्स्टॉय, टागोरसुद्धा उशिरा. ते काढायचं नाही, शेवटची ओळ अजून सोपी करायची, कारण त्या पुस्तकांची नावं पहिल्यांदा ऐकायची जागा पण हीच असू शकते. चित्रकलेचे प्रश्न असेच, शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे पेपर तपासायचा तास झालाय, तिथे राजा रविवर्मा कोण सांगणार. त्यासाठी छापील चित्रं घेऊन शाळांत जायचं असं भूगोलाच्या मॅडमनी सुचवलं, त्यांची स्वतःची आवड आहे ती.

बोनसमध्ये एक गोष्ट सुंदर दिसली. सकाळच्या पहिल्या मॅचला टीमचा कॅप्टन एकटाच बोलायचा, बाकीचे गप्प. शेवटच्या मॅचपर्यंत प्रत्येक टीममध्ये विषयवाटप झालेलं, "हे तुझं, तू सांग." कोणी शिकवलं नव्हतं. स्कोअररांना समासात काही वाटलं तर लिहा सांगितलेलं, सहाही जणांनी हेच लिहिलंय वेगवेगळ्या शब्दांत.

शाळांकडून मागणी एकच, वर्षातून एकदा नको, महिन्यातून एकदा करा.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सहा शाळांचे शिक्षक बसलो. जूनपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन-दोन शाळांची मॅच, ज्या त्या शाळेत, संच आम्ही पाठवणार. बझरचे तीन सेट पाटणला ठेवायचे, तीन कराडला. एसटीचं भाडं कालपासून जवळपास १५ टक्क्यांनी वाढलंय त्यामुळे प्रवासखर्चाचा आकडा नवा मांडावा लागेल, पण शेजारच्या शेजारी शाळा जोडल्या तर जमतं.

प्रश्न आता पोरांकडूनही लिहून घ्यायचे. उंब्रजच्या मुलाने एक पाठवलाय, उत्तर लोणार, पहिला दुवा बेसॉल्टमधल्या विवराचा आणि शेवटचा बुलढाण्याचा, क्रम अगदी बरोबर. मधली एक ओळ हलवायला लागेल. आज रात्री त्याला फोन करून का ते सांगतो, म्हणजे दुसरा तो स्वतःच नीट लावेल.